८० रुपयांचा राजा: एका सेकंडहँड पुस्तकाबरोबर आठ महिने

आधीच सांगून टाकते, हे पुस्तक आता ‘एक’ उरलेलं नाही. त्याचे चार भाग झालेत आणि हे लिहितेय तेव्हा त्यातला एकच माझ्या घरात आहे. बाकीचे कोणाकडे आहेत याची चिठ्ठी फ्रिजवर चिकटवलीय. ८० रुपयांत इतकी वसूल झालेली दुसरी वस्तू माझ्या घरात नाही. छत्रीसुद्धा नाही.

पुस्तक म्हणजे टी. एच. व्हाइट यांचं ‘द वन्स अँड फ्युचर किंग’. राजा आर्थर, मर्लिन, लान्सलॉट, गोलमेज, दगडात रुतलेली तलवार, अशी सगळी मध्ययुगीन दंतकथा घेऊन रचलेली इंग्रजी कादंबरी. माझी प्रत पेपरबॅक, साडेसहाशेच्या आसपास पानं, अक्षर मुंगीएवढं. गेल्या ऑगस्टात माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर घेतली. खरं तर मी भाच्यासाठी स्कॉलरशिपचं गाइड शोधत होते. पाऊस भुरभुरत होता, पुस्तकवाल्याने निम्म्या मालावर निळं प्लास्टिक ओढलं होतं, आणि ज्या ढिगाला ते पुरलं नव्हतं त्याच्या अगदी वर हे पडलं होतं. भिजू नये म्हणून उचललं. पहिल्याच पानावर लेखकाची चार ओळींत ओळख होती आणि सुरुवात होती ती मुंबईत १९०६ साली झालेल्या जन्मापासून. गाववालाच निघाला म्हटल्यावर खाली कसा ठेवणार?

“दीडशे द्या ताई.”

“कव्हरला चिकटपट्टी लावलीय, दादा.”

“म्हणून तर दीडशे. नवीन कितीला पडतं बघा जाऊन.”

८० वर जमलं. वर नेहमीची बोली झाली, की वाचून परत आणलं तर निम्मे पैसे परत.

मुंबईचा या पुस्तकात मागमूस नाही, त्या आशेने घेऊ नका. व्हाइटचे वडील इंग्रजांच्या पोलीस खात्यात अधिकारी होते एवढाच काय तो संबंध. मुलगा इंग्लंडात वाढला, स्टो नावाच्या शाळेत शिकवायला लागला, १९३६ मध्ये नोकरी सोडून रानाजवळच्या एका लहानशा घरात लिहीत बसला. बाज पाळायचा, त्याला शिकवायचा. १९६४ मध्ये ग्रीसच्या पिरियस बंदरात जहाजावरच वारला.

आता वस्तू म्हणून अनुभव. पहिले दोन महिने मी ते मुलुंड ते सीएसएमटी प्रवासात वाचलं. सकाळी उभ्याने, संध्याकाळी नशीब असेल तर चौथ्या सीटवर. एका हातात कडी आणि दुसऱ्या हातात साडेसहाशे पानं, याने मनगट दुखतं. कुबट वास तर असा की शेजारची बाई एकदा माझ्याकडे आणि एकदा पुस्तकाकडे बघायची. पावसाळ्यात ऊन दाखवायची सोय नव्हती. आईच्या सांगण्यावरून वेखंडाची पुरचुंडी करून पुस्तकाच्या पिशवीत टाकली. वास गेला असं म्हणवत नाही, वेखंडाचा वास वरचढ झाला इतकंच. कसर लागलेली होती, पण सुदैवाने मागच्या कव्हरापुरती. आधीच्या मालकाने पहिल्या नव्वदेक पानांत पेन्सिलीने कठीण शब्दांचे अर्थ लिहून ठेवले होते. बाजांचे, चिलखतांचे, भाल्यांच्या झुंजीतले शब्द. नव्वदनंतर पानं कोरी होती, त्याने बहुधा तिथेच हात टेकले असावेत. मीही टेकत आले होते.

मग ऑक्टोबरात, कुर्ल्याला जो लोंढा चढतो त्यात माझी बॅग कुठल्या तरी कोपरात आणि खांबात सापडली आणि आतून कट्कन आवाज आला. मला वाटलं डबा फुटला. डबा शाबूत होता, पुस्तकाचा कणा मोडला होता. डिंक इतका जुना की वाळून काचेसारखा झाला होता. सीएसएमटीला उतरले तेव्हा तीन गठ्ठे आणि सुटी पानं हातात होती. ऑफिसात जाऊन मोजलं तर सोळा पानं गायब. ती तेव्हा पडली की आधीपासूनच नव्हती, देव जाणे.

दादरच्या एका बायंडरकाकांकडे नेलं. त्यांनी आतली मार्जिन बघून मान हलवली. सगळं एकात शिवलं तर ते उघडायचंच नाही म्हणाले. मग अनुक्रमणिका चाळली. “हे आत चारच आहेत की. चार करू या.” मला ते आधी पाप वाटलं, पण घरी येऊन बघितलं तर काकांचं बरोबर होतं. पहिले तीन भाग १९३८, १९३९ आणि १९४० मध्ये वेगवेगळे छापून आले होते. १९५८ मध्ये व्हाइटने त्यांत फेरफार करून, चौथा जोडून हा ठोकळा केला. काकांनी लेखकाचाच जुना हिशेब परत मांडला म्हणायचं. चार वह्यांसारखे चार भाग, वर अबरी कागद, कण्याला कापडी पट्टी. बांधणीचे ३२० रुपये झाले. ८० च्या पुस्तकाला ३२० ची बांधणी ऐकून नवरा काहीच बोलला नाही, आणि ते पुरेसं होतं.

या पुस्तकाचा खरा उपयोग त्या दिवसापासून सुरू झाला, कारण साडेसहाशे पानांचं पुस्तक कोणी उसनं नेत नाही. दीडशे-दोनशे पानांचं नेतात.

पहिला भाग भाच्याला दिला. सातवीत आहे, भांडुपला राहतो. आर्थर या भागात राजा नाही, एका सरदाराच्या गढीत वाढणारा पोरका मुलगा आहे आणि त्याला सगळे ‘वॉर्ट’ म्हणतात. वॉर्ट म्हणजे चामखीळ. आपल्याकडे पिंट्या-बंड्या म्हणतात त्यातलाच प्रकार. मर्लिन त्याचा मास्तर. हा मर्लिन काळात उलटा जगतो, म्हणजे उद्या काय झालं ते त्याला आठवतं आणि काल काय होणार याबद्दल तो गोंधळात असतो. घोकंपट्टीऐवजी तो वॉर्टला मासा करतो, ससाणा करतो, मुंगी करतो, हंस करतो आणि त्या त्या राज्यात सोडून देतो. गढीच्या खंदकातला म्हातारा मासा त्याला सत्ता म्हणजे काय ते सांगतो आणि सांगता सांगता गिळायला धावतो. मुंग्यांच्या भाषेत चांगलं-वाईट असे शब्दच नाहीत, ‘केलेलं’ आणि ‘न केलेलं’ एवढेच दोन. सगळीकडे नियम, कानात अखंड सूचना. भाचा शांतपणे म्हणाला, “मावशी, हा तुमच्या सोसायटीचा ग्रुप आहे.”

हंसांचं प्रकरण त्याला जास्त भावलं. वर उडणाऱ्या पक्ष्याला खाली हद्दी दिसत नाहीत, आणि एकाच जातीचे पक्षी एकमेकांशी युद्ध करतात ही कल्पनाच त्या हंसिणीला किळसवाणी वाटते. ते वाचल्यावर जानेवारीतल्या एका रविवारी तो मला भांडुप पंपिंग स्टेशनकडे खाडीवर रोहित पक्षी बघायला घेऊन गेला. दोन तास चिखलाकडे बघत उभे होतो. त्याने परत येताना विचारलं की हे पलीकडे ऐरोलीला जातात तेव्हा ठाणे जिल्ह्यात जातात हे त्यांना कळतं का. स्कॉलरशिपच्या गाइडातून हा प्रश्न आला नसता.

विनोदाबद्दल एक सांगायला हवं. व्हाइट सरळ मधूनच वाचकाशी बोलतो. सरदार लोक पोर्ट पीत बसलेत असं लिहितो आणि पुढे कबूल करतो की खरं तर पोर्ट नव्हती, पण तुम्हाला वातावरण कळावं म्हणून म्हटलं. कीर्तनकार उत्तररंगात मध्येच “आता आपल्या दादर स्टेशनवर बघा” म्हणतो ना, तसं. मला हे फार आवडलं. डब्यातल्या एकीला अजिबात आवडलं नाही, तिच्या मते लेखकाने गप्प बसून गोष्ट सांगावी.

दुसरा भाग सगळ्यात बारीक दिसला म्हणून शेजारच्या काकूंना दिला. निवृत्त मुख्याध्यापिका, इंग्रजी उत्तम, घरात तीन मांजरं. मी तो भाग तोवर घाईघाईत चाळला होता, नाहीतर दिला नसता. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता बेल.

“हे काय दिलंस गं मला?”

या भागाच्या सुरुवातीलाच राणी मॉर्गॉज एक काळं मांजर जिवंत उकळते. अदृश्य होण्याची जादू करायला हाड हवं म्हणून. आणि मध्येच कंटाळून सोडून देते. काकूंनी पुस्तक माझ्या हातात ठेवलं आणि गेल्या. आठवड्याने स्वतःच परत मागून नेलं, “त्या पोरांचं पुढे काय झालं ते बघते” म्हणून. मॉर्गॉजचे चार मुलगे, गवेन, ॲग्रवेन, गेहेरिस आणि गॅरेथ. आईने एकदा नीट बघावं म्हणून ही पोरं एका युनिकॉर्नला, म्हणजे एकशिंगी शुभ्र प्राण्याला, गाठून मारतात आणि त्याचं मुंडकं ओढत घरी आणतात. आईचं लक्षच नाही. नंतर कळतं तेव्हा त्यांना चाबकाने फोडून काढवते. काकू म्हणाल्या, “गांधारीने निदान पट्टी बांधली होती. ही उघड्या डोळ्यांनी बघत नाही.” मांजराबद्दल त्यांनी मला अजून माफ केलेलं नाही. ज्यांना प्राण्यांचे हाल वाचवत नाहीत त्यांनी हा भाग जपून वाचा. तसाही चारांत हाच सगळ्यात विस्कळीत. राजा पेलिनोर आणि त्याच्या विचित्र श्वापदाची जी विनोदी भर घातलीय ती मला ताणलेली वाटली.

तिसरा भाग डोंबिवलीच्या मैत्रिणीने मागून घेतला. ती आमच्या डब्यात डोंबिवलीपासून बसून येते आणि ठाण्यानंतर मला अर्धी सीट देते, त्यामुळे तिला नाही म्हणायची सोय नव्हती. “प्रेमाचा त्रिकोण ज्यात आहे तो दे, पोरांची जादू नको.” दिला. त्यात लान्सलॉट आहे, आणि सिनेमातला देखणा वीर डोक्यात असेल तर तो काढून टाका. व्हाइटचा लान्सलॉट कुरूप आहे, वानरासारख्या तोंडाचा, आणि आतून त्याला खात्री आहे की आपण वाईट आहोत. आर्थरवर त्याचा जीव, आर्थरच्या राणीवर, गिनेव्हरवर, त्याचा जीव, आणि देवावरही. तिन्हीकडे प्रामाणिक राहण्याची त्याची धडपड आहे. राणीच्या बाजूने मात्र लेखकाला फार शिरता आलेलं नाही, तो स्वतःच तिच्याभोवती चाचरत फिरतो. आमच्या डब्यात यावर मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत भांडण झालं. एकीचं म्हणणं, वीस वर्षं दोन पुरुषांमध्ये राहिली, तिला कोणी विचारलं का तिला काय हवंय?

गायब झालेली सोळा पानं नेमकी याच भागातली, लान्सलॉटला वेड लागतं तिथली. मैत्रीण तिथे अडली नाही. तिने मनानेच गाळलेलं भरून घेतलं आणि मलाही तसंच सांगितलं, की त्याला कोणातरी साधूने अंगारा लावला असणार, म्हणून शुद्धीवर आला. महिनाभर मी तेच खरं धरून चालले होते. पुढे ऑफिसातल्या एकाच्या ओळखीने दुसरी धड प्रत मिळाली तेव्हा कळलं की साधू-बिधू कोणी नाही, जिने त्याला फसवून जवळ केलं होतं ती एलेनच त्याला ओळखते. सोळा पानांची झेरॉक्स काढून चिकटवली. इथे कोणी चोरीचा मुद्दा काढायच्या आत सांगते, भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतात, म्हणजे व्हाइटने हयातीत छापलेलं लेखन २०२५ च्या सुरुवातीपासून इथे मोकळं आहे. मैत्रीण अजून म्हणते की तिचा अंगारा जास्त बरा होता.

तिने तिसऱ्यापासून सुरुवात केली, मग चौथा वाचला, आता पहिला मागतेय. मर्लिनसारखी उलटी चाललीय. आणि काही बिघडलं नाही! महाभारत तरी आपल्यापैकी किती जणांनी आदिपर्वापासून सुरू केलं? कोणी टीव्हीवर मधूनच बघितलं, कोणी आजीकडून द्रौपदीपासून ऐकलं. आर्थरच्या गोष्टीचंही तेच आहे. १२व्या शतकात मॉनमथच्या जेफ्रीने लॅटिनमध्ये लिहिलेल्या राजांच्या इतिहासात आर्थर आहे, पण लान्सलॉट नाही. राणीचा प्रियकर म्हणून त्याला त्याच शतकात पुढे क्रेतियां द त्रुआ या फ्रेंच कवीने आणलं. १५व्या शतकात टॉमस मॅलरी नावाच्या सरदाराने, तेही कैदेत असताना, हे सगळं इंग्रजी गद्यात एकत्र केलं आणि कॅक्स्टनने १४८५ मध्ये ते छापलं. व्हाइट चालतो तो मॅलरीच्या बोटाला धरून. प्रत्येकजण मध्येच आला, आपलं काहीतरी भरून गेला. अंगारासुद्धा त्यातच मोजायला माझी हरकत नाही.

चौथा भाग मी कोणाला लवकर दिला नाही. मी फोर्टात एका वकिलांच्या ऑफिसात स्टेनो आहे, दिवसभर ॲफिडेव्हिटं टाइप करते, आणि हा भाग मला कामावरून घरी आल्यासारखा नाही, घरून परत कामावर गेल्यासारखा वाटला. तारुण्यात आर्थरला एक गोष्ट सुचलेली असते, की ज्याच्या मनगटात जोर तो खरा ही रीत मोडायची. म्हणून गोलमेज, म्हणजे दांडगटांचा जोर चांगल्या कामाला लावायचा. ते जमतं, मग नासतं. मग तो तो जोर देवाच्या शोधाकडे वळवून बघतो. जे चांगले होते ते त्यातच संपतात. शेवटी म्हातारपणी तो कायद्यावर येतो. झुंजीने न्याय नको, पुरावा हवा, सगळ्यांना एकच नियम. आणि त्याचा स्वतःचा मुलगा मॉर्ड्रेड नेमकं तेच कलम हातात घेऊन समोर उभा राहतो. राणीचं आणि लान्सलॉटचं प्रकरण पुराव्यानिशी सिद्ध करतो म्हणतो, तुम्ही फक्त एक रात्र शिकारीला बाहेर जा. आर्थर जातो. जाण्याआधी सांगतो, की लान्सलॉटच्या हातून तुम्ही सगळे साक्षीदार मेलात तर मला आनंदच होईल, पण कायदा मी मोडणार नाही. मी हे पान तीनदा वाचलं. खरं बोलणारा माणूस प्रतिज्ञापत्रात सहसा भेटत नाही.

आणि मॉर्ड्रेड का असा, त्याचंही उत्तर आर्थर स्वतःच देतो. नकळत बहिणीपासून झालेला तो मुलगा. ते कळल्यावर तरुण आर्थरने त्या सुमारास जन्मलेली बाळं जहाजात घालून समुद्रात सोडायला लावली होती. जहाज फुटलं, बाळं गेली, मॉर्ड्रेड वाचला. आपल्या गोष्टीत हे काम कंसाचं असतं. इथे ते नायकाने केलंय, आणि तोच म्हातारपणी लान्सलॉट आणि गिनेव्हरसमोर बसून सांगतोय. मला त्या रात्री झोप लागायला वेळ लागला.

शेवट सांगत नाही, तसा तो मॅलरीने १४८५ मध्येच फोडलाय. एवढंच सांगते की लढाईच्या आदल्या रात्री राजाच्या तंबूत एक हरकाम्या पोरगा येतो, नाव टॉम, आणि त्याला लढाईत जायचं नसतं असं नाही, जायचंच असतं. राजा त्याला दुसरंच काम देतो. मॅलरीचं पहिलं नाव आठवत असेल तर कळेल. माझा भाचा त्या टॉमच्याच वयाचा आहे, मी ते पान त्याला फोनवर वाचून दाखवलं, आणि मध्ये दोनदा रेंज गेली असं खोटं सांगून थांबले.

घ्यावं का? घ्या, पण जुनी प्रत घेत असाल तर कणा उघडून बघा आणि पानं मोजा. पहिली नव्वद पानं शब्दांसाठी फोन जवळ ठेवावा लागतो, पुढे आपोआप सुटतं. पाचवा भागही आहे, व्हाइटने लिहिलेला पण १९५८ च्या पुस्तकात न आलेला. तो त्याच्या मृत्यूनंतर १९७७ मध्ये छापला. मुंग्या आणि हंस मुळात त्यातले, तिथून उचलून पहिल्या भागात आणलेले, त्यामुळे तो मी अजून मनावर घेतलेला नाही.

परवा माटुंग्याला उतरले होते. पुस्तकवाल्याने लांबूनच ओळखलं.

“झालं का वाचून? चाळीस देतो.”

“दादा, त्याचे चार तुकडे झाले.”

“मग दहा-दहा.”

तिसरा डोंबिवलीला आहे म्हटलं, आल्यावर बघू.